रोबो घ्यायचा की रॅक?

गोदामात माल कसा ठेवायचा, हा काय लेखाचा विषय झाला? मलाही असंच वाटायचं. मग सुट्टीत भिवंडीच्या एका गाळ्यात सहा आठवडे इंटर्नशिप केली आणि कळलं, की या एका प्रश्नात गणित आहे, इंजिनिअरिंग आहे, कर्ज आहे आणि दहा-बारा घरांची चूलही आहे.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, एसी केबिनमध्ये लॅपटॉप उघडून बसायचं असेल. शेठनी मला सरळ पिकरच्या मागे पाठवलं. पिकर म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकमधून माल काढणारा माणूस. गाळा गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचा. हातात चलन, पुढे ट्रॉली, आणि चालणं सुरू. ब्रेक शू घ्यायला या टोकाला, हेडलाइटचा बल्ब घ्यायला त्या टोकाला, मग लक्षात येतं की ब्रेक शूच्या शेजारचाच क्लच वायर राहिला. परत मागे. संध्याकाळी फोनमधल्या अ‍ॅपनं अकरा किलोमीटर दाखवले. पायाचे तुकडे पडले होते. पिकर दादा मात्र हसत होता. त्याचं हे रोजचंच.

दुसऱ्या दिवशी एक सेल्समन आला. टॅबवर व्हिडिओ दाखवला. पांढराशुभ्र हॉल, एकही माणूस नाही, रोबो अख्खं कपाट उचलून आणतायत. शेठचा मुलगा एकदम खूश. "पप्पा, हेच पाहिजे. किती दिवस चलन घेऊन पळायचं?" शेठ गप्प. आणि कोपऱ्यात उभे असलेले स्टोअरचे काका त्याहून गप्प. पंचवीस वर्षं ते याच गाळ्यात आहेत. कुठला पार्ट कुठं आहे हे कॉम्प्युटरआधी ते सांगतात.

शेठनी निर्णय दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आणि मला काम दिलं. "तीन महिन्यांची चलनं आहेत. सगळी एक्सेलमध्ये टाक. मग बोलू."

दोन टोकं आणि मधलं बरंच काही

आधी बेसिक. पारंपरिक पद्धत म्हणजे लोखंडी रॅक, शेल्फ, हॅन्ड पॅलेट, फोर्कलिफ्ट आणि माणसं. माणूस मालाकडे जातो. ऑटोमेटेड पद्धतीत उलटं होतं. माल माणसाकडे येतो.

पण ऑटोमेटेड म्हणजे एकच वस्तू नाही. उंच रॅकच्या दोन रांगांमध्ये रुळावर धावणारी क्रेन असते. ती पॅलेट वर ठेवते, खाली आणते. अशा यंत्रणा ३० ते ४० मीटर उंचीपर्यंतही उभ्या राहतात. रॅकच्या आत धावणारी चपटी शटल असतात. लिफ्टसारखं उभं कपाट असतं. बटण दाबलं की हवा तो ट्रे कमरेच्या उंचीला येऊन थांबतो. व्हिडिओतले कपाट उचलणारे रोबो असतात. आणि प्लास्टिकच्या पेट्या एकमेकींवर गच्च रचून, त्यांच्या डोक्यावरच्या जाळीवरून रोबो फिरवणारी पद्धतही असते.

पारंपरिकमध्येही प्रकार कमी नाहीत. साध्या रॅकमध्ये प्रत्येक पॅलेटला थेट हात घालता येतो, पण मधल्या वाटांमध्येच खूप जागा जाते. साधी फोर्कलिफ्ट वळायला साधारण साडेतीन मीटरची वाट लागते. रीच ट्रक घेतला तर ती तीन मीटरच्या आत येते. अगदी अरुंद वाटेसाठी बनवलेल्या गाड्या पावणेदोन मीटरमध्येही काम करतात. म्हणजे रोबो न घेता, नुसती गाडी बदलूनही जागा वाचते. सेल्समनच्या व्हिडिओत हे नव्हतं!

चलनं काय बोलली

मी चार दिवस डेटा भरत बसले. कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू? पण पाचव्या दिवशी सॉर्ट मारलं आणि उठून बसले. गाळ्यात हजारो प्रकारचे पार्ट होते, पण रोजची धावपळ त्यातल्या थोड्याशाच पार्टसाठी चालली होती. बाकीचे महिन्यातून एकदा हलायचे. काही तर तीन महिन्यांत जागचे हललेच नव्हते.

कॉमर्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांना हे माहीत असेल. एबीसी अ‍ॅनालिसिस. सतत जाणारा माल 'ए', अधूनमधून जाणारा 'बी', पडून राहणारा 'सी'. परीक्षेत पाच मार्कांना येतं. इथं समोर दिसत होतं की 'ए' माल सगळ्यात आत, भिंतीपाशी ठेवलाय. का? कारण तो पूर्वी कधीतरी तिथं ठेवला गेला आणि मग तिथंच राहिला.

मी मोठ्या उत्साहानं यादी काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, बरोबर आहे. पण हा बल्ब पावसाळ्यातच एवढा जातो. आणि हे वायपर बघ, आत्ता खाली दिसतंय, जूनमध्ये वर येईल. तीन महिन्यांवर जाऊ नको, वर्षाचं बघ."

माझ्या एक्सेलमध्ये हे नव्हतं. काकांच्या डोक्यात होतं. मी पुन्हा बसले, मागच्या वर्षाची चलनं काढली. काका बरोबर होते.

पिकरचा साधारण निम्मा वेळ नुसता चालण्यात जातो, असं या विषयाची पुस्तकं सांगतात. ऑटोमेशनचा सगळा फायदा मुळात इथून येतो. ते चालणं कमी करतं. पण 'ए' माल दारापाशी आणला तरी चालणं कमी होतंच. आणि त्याला एक रविवार आणि सगळ्यांचा चहा-वडापाव एवढाच खर्च येतो.

आता पैशाचं बोलू

शेठचे खरे आकडे मी सांगणार नाही. गोल आकडे घेऊ. समजा, यंत्रणा १.५ कोटी रुपयांची आहे. तिच्यामुळे एका शिफ्टमध्ये सहा माणसांचं काम कमी होतं. एका माणसामागे महिन्याला २० हजार धरा. वर्षाला वाचले १४.४ लाख. त्यातून देखभालीचे ७ लाख वजा करा. उरले ७.४ लाख. या वेगानं दीड कोटी फिटायला वीस वर्षं लागतील. आणि पैसे कर्जाचे असतील, तर १० टक्के दरानं पहिल्या वर्षाचं व्याजच १५ लाख होतं. बचत ७.४, व्याज १५. हिशेब इथंच संपला.

पण थांबा. तोच गाळा दोन शिफ्टमध्ये चालत असेल तर? बारा माणसांचं काम कमी, म्हणजे २८.८ लाख. देखभाल थोडी वाढून ८ लाख झाली तरी २०.८ लाख उरतात. व्याज बाजूला ठेवलं तर सात वर्षांत पैसे सुटतात. आता जागा धरा. यंत्रणेमुळे ५ हजार चौरस फूट मोकळे झाले आणि भाडं फुटाला महिन्याला २० रुपये असेल, तर वर्षाला आणखी १२ लाख. मग तेच पैसे साधारण साडेचार वर्षांत सुटतात.

यंत्र तेच, किंमत तीच. तरी एकाला ते खड्ड्यात घालेल आणि दुसऱ्याला वर काढेल. ठरवणारी गोष्ट ही, की यंत्र दिवसातले किती तास खरोखर काम करणार.

जागेच्या हिशेबातही एक मेख आहे. ती मला शेठनीच दाखवली. "वाचलेली जागा मालकाला परत देता आली, किंवा तिथं दुसरा माल ठेवता आला, तरच ती वाचली. नाहीतर नुसता मोकळा कोपरा झाडायचा." त्यांचं भाडेकरार अख्ख्या गाळ्याचं होतं. अर्धा गाळा परत घ्यायला घरमालक काही तयार होणार नव्हता.

परदेशात हे गणित वेगळं का येतं, तेही यात दिसतं. जर्मनीत २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. आपल्याकडच्या बऱ्याच गोदामांत एवढी मजुरी अख्ख्या दिवसाचीही पडत नाही. तिथं यंत्र लवकर परवडतं ते एवढ्यासाठी. तिथला व्हिडिओ पाहून इथला निर्णय घेतला, तर गडबड होणारच.

दिवाळं निघालं आणि त्यातूनच रोबो आला

हा विषय वाचताना मला एक भन्नाट गोष्ट सापडली. अमेरिकेत वेबव्हॅन नावाची कंपनी होती. घरपोच किराणा. आज आपण दहा मिनिटांत कोथिंबीर मागवतो, पण ही गोष्ट १९९९ ची आहे. त्यांनी ऑकलंडला प्रचंड ऑटोमेटेड गोदाम उभारलं. मैलोगणती कन्व्हेयर बेल्ट. अशी आणखी २६ गोदामं बांधण्यासाठी एका बांधकाम कंपनीशी तब्बल १०० कोटी डॉलरचा करार केला. ऑर्डर मात्र तेवढ्या आल्याच नाहीत. बेल्ट अर्धा रिकामा फिरला तरी त्याचा खर्च पूर्णच. जुलै २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

तिथं काम केलेल्यांमध्ये मिक माउंट्झ नावाचा एक माणूस होता. एकेक ऑर्डर भरायला किती खर्च येतो, हे त्यानं आतून पाहिलं होतं. त्यानं २००३ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी काढली. जमिनीला बोल्ट मारून घट्ट बसवलेल्या बेल्टऐवजी सुटे, छोटे रोबो. काम वाढलं तर आणखी दहा आणा. २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉननं किवा ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉननं आपला दहा लाखावा रोबो कामाला लावल्याचं जाहीर केलं.

यात शिकण्यासारखं काय? वेबव्हॅनची यंत्रं वाईट नव्हती. ती कागदावरच्या ऑर्डरसाठी बांधली होती, हातातल्या ऑर्डरसाठी नाही. आपल्याकडे तर मागणी सणांप्रमाणे नाचते. दिवाळीच्या आधी तिप्पट, पितृपक्षात शांत. जास्तीची माणसं महिन्यापुरती घेता येतात. क्रेन महिन्यापुरती मोठी करता येत नाही.

मग ऑटोमेशन कुठं हवंच?

याचा अर्थ यंत्र नकोच, असा नाही. उणे वीस डिग्रीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माणूस तासन्‌तास उभा राहू शकत नाही, आणि तिथला प्रत्येक घनफूट थंड ठेवायला वीज जाते. तिथं उंच, गच्च आणि माणसाविना चालणारी यंत्रणा शहाणपणाची. औषधांच्या गोदामात बॅच आणि एक्स्पायरी चुकली तर थेट कुणाच्या तब्येतीशी खेळ. तिथं यंत्राची शिस्त कामी येते. जागा सोन्याच्या भावाची असेल, पेट्या एकाच मापाच्या असतील, काम रात्रंदिवस चालत असेल, तर ऑटोमेशनचा विचार करायलाच हवा.

उलट कापडाचे तागे, गाडीचे बंपर, सायलेन्सर, वेडेवाकडे पाइप असा माल असेल, तर रोबोला पेटीत मावेल असं काही हवं असतं आणि बंपर पेटीत मावत नाही. माणूस मात्र तो खांद्यावर टाकून चालू लागतो.

शिवाय इमारत. भिवंडी गोदामांसाठी वाढली ती मुंबईच्या वेशीबाहेर असल्यामुळे. मुंबईत माल आणला की जकात, म्हणून तो आधी वेशीबाहेर उतरायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. कंपन्यांना राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्याची गरजही कमी झाली आणि मोठी, उंच गोदामं बांधली जाऊ लागली. नव्या गोदामांची उंची १२ मीटरच्या आसपास असते. आमचा गाळा जुना, त्याच्या निम्म्या उंचीचा. जमिनीला भेगा. पावसात एका कोपऱ्यात पाणी. फरशी सपाट नसेल तर रोबो अडखळतो आणि उंच रॅकमधली गाडी वर डोलायला लागते. म्हणजे यंत्राआधी फरशीचा खर्च.

आणि आग. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या अँडोव्हरला ऑकाडो कंपनीचं रोबोंचं गोदाम जळालं. सुरुवात झाली रोबोच्या चार्जिंगच्या जागी झालेल्या बिघाडातून. गच्च रचलेल्या पेट्यांमध्ये आग विझवायला चार दिवस लागले. माणसांच्या गोदामांतही आगी लागतात, भिवंडीला हे सांगायला नको. पण जागा जितकी गच्च, तितका पाण्याचा फवारा आतपर्यंत पोचेल का, हे आधी विचारावं लागतं.

काकांचा प्रश्न

एका दुपारी डबा खाताना काकांनी विचारलंच. "ताई, खरं सांग. मशीन आलं तर आमचं काय?"

काय सांगणार? 'नवीन नोकऱ्या तयार होतील' हे वाक्य मी कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये दोनदा तरी वापरलंय. काकांसमोर ते तोंडातून निघेना. कारण नवीन नोकऱ्या तयार होतात हे खरं, पण त्या त्याच माणसाला मिळतील असं नाही. पार्ट उचलणारा दादा उद्या सेन्सर दुरुस्त करणार नाही, त्याला कुणी शिकवल्याशिवाय.

ओझं वाहण्यात काही रोमँटिक आहे, असंही मला म्हणायचं नाही. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावर ओझं वाहण्यातून आला. अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांनी लढा दिला, तेव्हा १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि या कामगारांना नोंदणी, मजुरी, प्रॉव्हिडंट फंड अशा गोष्टींचा आधार मिळाला. पन्नास किलोची पेटी यंत्रानं उचलली तर कुणाची तरी पाठ वाचते. प्रश्न एवढाच, की वाचलेल्या पाठीचा माणूस नंतर कुठं जातो. हा प्रश्न हिशेबाच्या पहिल्या पानावर हवा. तो शेवटच्या पानावर गेला, की निर्णय आधीच झालेला असतो.

आपल्यासाठी मात्र इथं खरंच दारं उघडी आहेत. बिट्स पिलानीत शिकताना समय कोहली आणि आकाश गुप्ता यांनी माणसासारखा रोबो बनवला. पुढे २०११ मध्ये त्यांनी ग्रेऑरेंज सुरू केली आणि गोदामांचे रोबो बनवायला घेतले. नोएडाची अ‍ॅडव्हर्ब २०१६ ची. २०२२ मध्ये रिलायन्सनं तिचा ५४ टक्के हिस्सा १३.२ कोटी डॉलरना घेतला. पण सगळ्यांनी कंपनीच काढायला पाहिजे असं थोडीच आहे? क्रेन दुरुस्त करणारा आयटीआय किंवा डिप्लोमावाला, गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळणारी बीएस्सी आयटीवाली, चलनं वाचून मालाची जागा ठरवणारा बीकॉमवाला, सगळेच लागतात. फक्त एकदा पिकरच्या मागे दिवसभर चालून या. नंतर एक्सेल वेगळं दिसतं.

शेवटी काय ठरलं?

माझं प्रेझेंटेशन शेवटच्या शनिवारी झालं. शेठ, त्यांचा मुलगा आणि मी आग्रह केला म्हणून काका.

व्हिडिओतले रोबो आत्ता नाहीत, असं ठरलं. एकच शिफ्ट, जुनी फरशी, वेडावाकडा माल, अख्ख्या गाळ्याचं भाडं. सगळीकडून उत्तर 'नाही'च येत होतं. पहिली पायरी बारकोड आणि मालाची नवी मांडणी. 'ए' माल दारापाशी, आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, काकांच्या सल्ल्यानं अदलाबदल. दुसरी पायरी, बेअरिंग, बल्ब, नट-बोल्ट अशा बारीक मालासाठी एक लिफ्टसारखं कपाट. त्याचीही किंमत वर्षभराचा डेटा हातात आल्यावरच मागवायची. मुलगा थोडा हिरमुसला, पण बारकोडचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. दोन वर्षांनी हिशेब पुन्हा मांडायचा. तोवर दुसरी शिफ्ट सुरू झाली, तर उत्तर बदलूही शकतं.

हे उत्तर आमच्या गाळ्याचं आहे. शेजारच्या औषधवाल्याचं वेगळं येईल, आणि ते यायलाच पाहिजे.

मागच्या आठवड्यात सहज फोन केला. काका स्कॅनरवर वैतागले होते. "ताई, हे यंत्र दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही." पण पिकर दादाला आता त्या लांबच्या भिंतीपर्यंत फारसं जावं लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आणि वायपर दारापाशी आणून ठेवलेत. पाऊस यायचाय ना.

ठरवण्याआधी हे विचारा

• रोज किती ऑर्डर जातात? सर्वांत गर्दीच्या दिवशी किती, आणि सर्वांत शांत दिवशी किती?

• किती प्रकारचा माल आहे, आणि त्यातला सतत हलणारा किती?

• माल एकसारख्या पेटीत मावतो का?

• यंत्र दिवसातले किती तास चालेल? बंद पडलं तर दुरुस्तीला माणूस किती तासांत येईल, आणि तोवर माल हातानं काढता येईल का?

• छताची उंची, फरशी, वीज आणि आग विझवण्याची सोय यंत्राला पुरेशी आहे का?

• वाचलेल्या जागेचं नक्की काय करणार?

• आज जी माणसं काम करतायत, त्यांना काय शिकवणार आणि कधी?